ज्याचा त्याचा चंबू

दामोनला मारलं ते भट्टीच्या सळईने. निखारे ओढायची, टोकाला वाकवलेली, पुरुषभर लांबीची लोखंडी सळई. कुंभारवाड्यात ती प्रत्येक भट्टीला टेकून उभी असते आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. स्त्रातोनने ती उचलली आणि एकदाच फिरवली. ती कानाच्या वर बसली. दामोन भट्टीच्या तोंडाशी कोसळला, त्याचं रक्त तापलेल्या विटांवर पडून चरचरलं, आणि तो वास त्याच्या थोरल्या भावाच्या, लाम्पोनच्या नाकातून पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

दोघं भाऊ एकाच चाकावर पोट भरायचे. लाम्पोन चंबू घडवायचा, दामोन त्यावर चित्रं काढायचा. दामोनचा हात चांगला होता आणि जीभ त्याहून लांब.

खरं सांगायचं तर भांडण त्यानेच ओढवून घेतलं. चंबूंचा सण जवळ आला की अथेन्सच्या कुंभारवाड्यात कोणाला जेवायची शुद्ध राहत नाही. त्या दिवशी दिओनिसोस देवाच्या नावाने प्रत्येकाने आपल्याच चंबूतून दारू प्यायची. दुसऱ्याचा चंबू तोंडाला लावायचा नाही, दुसऱ्याला आपल्यातलं ओतायचं नाही. मग अख्ख्या शहराला चंबू हवेत. पोट गरगरीत, गळा आखूड, तोंड तीन पाकळ्यांचं म्हणजे धार कशी नीट पडते, मागे पट्टीसारखा रुंद कान. आणि पोटावर चित्र हवंच. कोरा चंबू न्यायला लोकांना लाज वाटते, जसा काही देव चित्र बघूनच दारू चाखतो!

आदल्या साली दामोन शेजारच्या स्त्रातोनकडे चित्रं काढायला गेला होता. स्त्रातोनने त्याला चारचौघांत हाकललं. "हा घोडा आहे की आजारी बकरी? पाय तरी मोज, गड्या, पाच झालेत!" सगळा वाडा खो खो हसला. तो पाचवा पाय होता की शेपटी यावर पैजासुद्धा लागल्या. हसला नाही तो एकटा दामोन.

तो राग त्याने वर्षभर मुरवला. यंदा स्त्रातोनची सणाची मोठी भट्टी लागली. भट्टीचं तंत्र असं, की आधी आत हवा खेळू द्यायची, मग ओली लाकडं घालून सगळी भोकं बुजवायची, म्हणजे धूर कोंडून आतलं सगळं काळंकुट्ट होतं. मग नेमक्या वेळी हवा पुन्हा सोडायची. लेप लावलेला भाग काळा राहतो आणि उघडी माती लाल फुलते. ती वेळ हुकली की काळं नाही, लाल नाही, चित्रासकट सगळाच चिखल. स्त्रातोन भर दुपारी भिंतीला टेकून डुलकी काढत होता, तेव्हा दामोनने मागचं भोक उघडलं. स्त्रातोनला जाग आली ती धुराचा रंग बदलल्यावर. बघतो तर भोकाशी दामोन उभा, हातात बुजवणीची वीट आणि दात बाहेर.

"आता मोज पाय!" दामोन म्हणाला.

स्त्रातोनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सळई हाताशीच होती.

पुढे आरडाओरडा झाला, शेजारून लाम्पोन धावत आला, सळई टाकून स्त्रातोन पळाला, माणसं त्याच्या मागे धावली, आणि अंगणात उरले दोघं भाऊ. लाम्पोनने दामोनचं डोकं मांडीवर घेतलं तर ते एका बाजूने मऊ लागलं. दामोनचा एक डोळा उघडा होता.

"दादा," तो म्हणाला, "मस्ती माझी होती. मी सोडलं त्याला. बाबांना सांग, स्त्रातोनचं रक्त मागू नका."

मग त्याने पाणी मागितलं, आणि लाम्पोन उठायच्या आत मेला.

मरणाऱ्याने आपल्या तोंडाने मारणाऱ्याला सोडलं, की विषय संपतो. मग बाप असो, भाऊ असो, कोणाला खटला भरता येत नाही की सूड उगवता येत नाही. सोडलेला माणूस स्वच्छ. हे अथेन्समधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तसं लाम्पोनलाही ठाऊक होतं. म्हातारा बाप, केफालोस, धापा टाकत अंगणात आला आणि विचारलं, "काही बोलला का रे?" तेव्हा लाम्पोन म्हणाला, "पाणी मागितलं."

खोटं नव्हतं ते. पण त्या घटकेला त्याला स्त्रातोन मरायला हवा होता. त्याची कातडी सोलून भट्टीला लावावी असं वाटत होतं. भावाचा मेंदू स्वतःच्या मांडीवर सांडल्यावर ज्याला असं वाटत नाही तो माणूस वेगळ्या मातीचा असेल. लाम्पोन तसा नव्हता. आणि एकदा गिळलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी काढायची म्हणजे काल का गिळली ते सांगावं लागतं. तिसऱ्या दिवशी ते आणखी जड होतं.

प्रेताच्या पुढे भाला गेला. खून झालेल्या माणसाच्या पुढे तो जातोच. केफालोसने तो थडग्यावर स्वतः रोवला आणि पडलेल्या दातांच्या फटींतून ओरडला, "स्त्रातोन, तुझे हात रक्ताचे आहेत! देवळापासून लांब हो, बाजारापासून लांब हो, विहिरीपासून लांब हो, माणसांच्या दारूपासून लांब हो!" लाम्पोन शेजारी उभा होता. त्यानेही तेच शब्द म्हटले. घरचे सगळे म्हणतात, तो मुका कसा राहणार?

स्त्रातोनने दार लावून घेतलं. खटला टेकडीवरच्या न्यायासनापुढे उभा राहायचा होता, पण त्याला वसंत उजाडणार होता, आणि केफालोसला तेवढा धीर नव्हता. त्याने भावकी गोळा केली आणि स्त्रातोनची भट्टी घणाने फोडली. कुत्र्याला मारून उंबऱ्यावर टाकलं. स्त्रातोनचा गुलाम मानेस विहिरीवर पाणी भरायला आला तेव्हा त्याला काठावर आडवा पाडला आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं दगडावर ठेवून दगडानेच मोडली, एकेक करून. मानेस चाकावर बसणारा माणूस. तो ओरडत होता, "मी काय केलंय? अहो, मी काय केलंय?" त्याचे पाय धरून ठेवले होते लाम्पोनने. शेवटच्या बोटापर्यंत त्याने ते सोडले नाहीत. घरी येऊन त्याने हात धुतले आणि चाकावर बसला, पण त्या दिवशी त्याच्या हातून एकही चंबू सरळ उभा राहिला नाही.

असा सण उजाडला.

त्या दिवशी मेलेले परत गावात फिरतात. म्हणून लोक दाराला डांबर फासतात आणि काटेरी झुडपाची पानं चावतात, म्हणजे भुतं घरात शिरत नाहीत. लाम्पोनची बायको मिर्तो दाराला डांबर लावत होती. पोटात तिसरा महिना, वासाने मळमळत होतं, तरी कोणाला हात लावू देत नव्हती.

"चौकटीच्या वरही लाव," लाम्पोन म्हणाला.

"मला शिकवू नका. भाऊ तुमचाच यायचाय, दुसऱ्या कोणाचा नाही."

लाम्पोन उंबऱ्यावर बसला. पान चावून चावून तोंड कडू झालं होतं. आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं, मांडीवरच्या डोक्यापासून पाण्यापर्यंत. मिर्तोच्या हातातला डांबराचा कुंचला तसाच राहिला. डांबर तिच्या पायावर ठिबकत होतं.

"म्हणजे तो माणूस स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्या मानेसची बोटं?"

लाम्पोनने चावलेलं पान थुंकलं.

"तुम्हाला टेकडीवर शपथ घ्यावी लागेल, कळतंय का? कापलेल्या डुकरावर, मेंढ्यावर, बैलावर उभं राहून म्हणावं लागेल, की मी खोटं बोलत असेन तर माझं घर मुळासकट जावो. घर म्हणजे कोण हो? मी आणि हे!" तिने डांबराचा हात पोटावर आपटला. झग्यावर काळा पंजा उमटला. "आत्ताच्या आत्ता जाऊन बाबांना सांगा."

"बाबा मला जिवंत ठेवायचे नाहीत."

"एक थोबाडीत देतील. फार तर दोन. जा!"

"आज प्यायचं झालं की सांगतो. शप्पथ. आर्खियासकाकांच्या अंगणात सगळ्यांच्या देखत सांगतो, म्हणजे बाबांना मागे फिरता येणार नाही."

"म्हणजे तुम्हाला नाही, त्यांना मागे फिरता येणार नाही! वा रे वा!" मिर्तोने कुंचला बादलीत फेकला. "मला तुमची लाज वाटते. जा, प्या."

आर्खियास हा कुंभारवाड्यातला सगळ्यात पैसेवाला आणि सगळ्यात पोट सुटलेला माणूस. दर साली वाडा त्याच्याच अंगणात प्यायला बसतो. ज्याने त्याने आपलं खाणं आणायचं, आपलं बूड टेकायला आपलं स्टूल आणायचं आणि आपला चंबू. यजमानाने दारू, हार आणि टोमणे पुरवायचे.

"ये ये, केफालोस! काय आणलंस, कांदे? तुझ्याकडे बघून वाटलंच मला, डोळ्यांत पाणी येणार."

केफालोसने कांद्यांची आणि खारवलेल्या माशाची पुरचुंडी खाली ठेवली. त्याच्या हातात दामोनने रंगवलेला शेवटचा चंबू होता. काळ्याभोर पोटावर लाल घोडा, मान वळवून मागे बघणारा, मोजून चार पायांचा. म्हाताऱ्याने तो कोणाला विकू दिला नव्हता. वाटभर छातीशी धरून आणला होता, तान्ह्या पोराला धरावं तसा. लाम्पोन बापाच्या शेजारी बसला. हार चंबूंच्या गळ्यात पडले, आर्खियासच्या गुलामांनी प्रत्येकाचा चंबू काठोकाठ भरला, आणि तुतारीवाला गच्चीवर चढला.

तेवढ्यात फाटकातून स्त्रातोन आत आला.

दोन महिन्यांत तो अर्धा झाला होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. एका हातात स्टूल, दुसऱ्यात चंबू. चंबू त्याच बिघडलेल्या भट्टीतला, मळकट तांबडा; त्यावर चित्र आहे एवढं कळत होतं, कशाचं ते कळत नव्हतं. अंगणात एकदम कालवा झाला. कोणी शिव्या घातल्या, कोणी थुंकलं, एकाने खेकड्याचं कवच फेकलं ते त्याच्या कपाळाला लागून रक्त आलं. त्याने पुसलं नाही.

"आर्खियासकाका," स्त्रातोन म्हणाला, "मी बाजारात गेलो नाही, देवळात गेलो नाही, विहिरीवर गेलो नाही. पण आजचा दिवस कशासाठी आहे? जुन्या काळी आईचा खून केलेला पाहुणा या शहरात आला, तेव्हा राजाने त्याला हाकललं नाही. ज्याला त्याला वेगळा चंबू दिला, सगळ्यांना गप्प बसवलं आणि त्यालाही प्यायला लावलं. म्हणूनच आपण वेगवेगळे चंबू घेऊन बसतो ना? की उगाच बसतो?"

आर्खियास घाम पुसू लागला. "अरे बाबा, ते आहे खरं… पण…"

"मी भिंतीशी बसतो. कोणाच्या अंगाला अंग लावत नाही. दामोनही आज येईल म्हणतात. मला त्याच्यासमोर बसायचंय."

हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला, की शिव्या देणारेही थांबले. सगळे केफालोसकडे बघू लागले. लाम्पोनला वाटलं, म्हातारा आता अंगण डोक्यावर घेणार.

"बसू द्या त्याला," केफालोस म्हणाला.

"काय?" आर्खियासला खरं वाटेना.

"रिवाज रिवाज आहे. बसू द्या."

स्त्रातोन भिंतीशी जाऊन बसला. "केफालोसकाका," तो म्हणाला, "मला त्याला मारायचं नव्हतं." म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. गुलामाने लांबून हात ताणून स्त्रातोनच्या चंबूत दारू ओतली आणि पटकन मागे सरला.

आता बोलावं, असं लाम्पोनला वाटलं. आताच, बाबा शांत आहेत तोवर. त्याने ओठ ओले केले, श्वास घेतला, "बाबा" म्हणायला तोंड उघडलं आणि तुतारी झाली.

तुतारी झाली की तोंड फक्त प्यायला. चंबू रिता होईपर्यंत शब्द नाही. जो आधी रिता करेल त्याला दारूची पखाल मिळते. जो बोलेल त्याच्या घरावर वर्षभराची अवकळा येते, आणि त्या दिवशी दारादारांत मेलेले कान देऊन उभे असतात. लाम्पोनने तोंड मिटलं. त्याला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला? एक चंबूभर वेळ मिळाला होता. तो प्यायला लागला.

अंगणात एवढी माणसं, पण आवाज फक्त घोटांचा. कोणाच्या दाढीवरून दारू ओघळत होती, कोणाचा घसा घुटुक घुटुक वाजत होता. आर्खियासचे डोळे बाहेर आले होते, पण दर साली तोच जिंकतो म्हणून तो थांबत नव्हता. भिंतीशी स्त्रातोन हळूहळू पीत होता, दोन्ही हातांनी धरून, आजारी माणूस पेज पितो तसा.

लाम्पोनने डोळ्याच्या कोपऱ्यातून बापाकडे बघितलं. बाप पीत नव्हता. त्याने चंबू गुडघ्यांच्या मध्ये धरला होता आणि तो हळूच तिरका करून दारू जमिनीवर ओतत होता. तीन पाकळ्यांच्या तोंडातून एक सरळ, बारीक धार. माती ती पिऊन घेत होती.

मेलेल्यांना दारू द्यायची ती अशीच, जमिनीत ओतून. लाम्पोनला वाटलं, बाबा दामोनला पाजतायत. पोराच्याच चंबूतून पोराला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, दारू उलटी नाकात गेली. म्हाताऱ्याचा राग निवळला, असंही त्याला वाटलं. आता सांगितलं तर कदाचित मारणारही नाहीत. मानेसची भरपाई करू, भट्टी बांधून देऊ. चंबू रिता झाला की पहिला शब्द माझा. तो घाईघाईने प्यायला लागला.

कुंभार असूनही त्याच्या डोक्यात आलं नाही! भरलेला चंबू जड असतो, म्हाताऱ्या हाताला तो फिरवता येत नाही. रिता मात्र हलका.

केफालोस उठला. चंबूचा कान मुठीत धरून, चार ढांगांत तो भिंतीशी पोचला. स्त्रातोनच्या ओठांना चंबू लागलेला होता. म्हाताऱ्याने खालून हात आणला आणि स्त्रातोनच्या तोंडावरच्या चंबूवर आपला चंबू आदळला. दोन्ही फुटले. स्त्रातोनचे पुढचे दात गेले, दारू आणि रक्त एकदमच छातीवर आलं. चंबू कुठे फुटतो हे केफालोसला जन्मभर ठाऊक होतं: पोट गळून पडतं, कान आणि गळा हातात राहतात. घोड्याचे तुकडे जमिनीवर पडले आणि म्हाताऱ्याच्या मुठीत एक धारदार, वाकडं, काळं खापर उरलं.

ते त्याने स्त्रातोनच्या पोटात घातलं. ओढून काढलं. मांडीच्या सांध्यात घातलं आणि पिळलं.

आणि कोणी ओरडलं नाही. हे सगळ्यात भयंकर. बघणाऱ्यांच्या तोंडाला चंबू तसेच होते. स्त्रातोनही ओरडला नाही. फुटक्या ओठांतून नुसता श्वास निघत होता, जणू काही तोही रिवाज पाळत होता. त्याने हात वर केले नाहीत. पलीकडच्या टोकाला एकाला काही दिसलंच नव्हतं. त्याने आपला चंबू रिता करून डोक्यावर उलटा धरला, मी जिंकलो म्हणून. खापर मांसात शिरताना जो आवाज येतो तो ओल्या मातीत हात घालताना येतो तसाच असतो. लाम्पोनने तो ऐकला आणि त्याच्या पायांना भान आलं.

त्याने बापाला मागून मिठी घातली. म्हातारा वळला आणि खापर लाम्पोनच्या गालावरून कानापर्यंत गेलं. दातांना वारा लागला. त्याने बापाचं मनगट धरलं, बापाने त्याच्या गुडघ्यावर लाथ मारली, दोघं खापरांवर पडले. बापाच्या तोंडातून फेस येत होता, डोळे पांढरे झाले होते. तो अजून त्या भिंतीकडे सरपटत होता. लाम्पोनने त्याच्या छातीवर गुडघा ठेवला आणि ओरडला,

"बाबा, दामोनने त्याला सोडलं होतं!"

आता मात्र सगळे चंबू खाली आले.

"मरताना म्हणाला! मला म्हणाला! मस्ती माझी होती म्हणाला, स्त्रातोनचं रक्त मागू नका म्हणाला. बाबा, तो स्वच्छ होता!"

केफालोसचं अंग एकदम सैल पडलं. त्याने लाम्पोनकडे बघितलं, हातातल्या खापराकडे बघितलं. बोटं उघडायला बघत होता, पण ती उघडत नव्हती. "तू म्हणालास पाणी," तो म्हणाला. "तू मला म्हणालास, पाणी मागितलं."

लाम्पोन त्याच्यावरून उठला. भिंतीशी स्त्रातोन बसल्या जागी घसरला होता. मांडीतून रक्त उसळत होतं, थांबत होतं, परत उसळत होतं. लाम्पोनने दोन्ही तळवे त्या जखमेवर दाबले, सगळा भार टाकून दाबले, पण रक्त बोटांच्या फटींतून येतच राहिलं. त्याला कळलं, की फार वेळ नाही. आणि त्याला दुसरंही कळलं. आता याने जर म्हाताऱ्याला सोडलं नाही, तर बाप एका स्वच्छ माणसाचा खुनी आहे. त्याला कड्यावरून ढकलतील नाहीतर विष पाजतील.

"स्त्रातोन," तो म्हणाला, "स्त्रातोन, ऐक. बाबांना सोड. तुझ्या पाया पडतो. नुसतं एकदा म्हण."

स्त्रातोनने डोळे उघडले. दात गेल्यामुळे त्याचे शब्द फसफसत होते, लाम्पोनला कान अगदी तोंडाशी न्यावा लागला.

"कधी… म्हणाला तो?"

"तेव्हाच. भट्टीशी. मी एकटाच होतो."

"तुला… तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

स्त्रातोनने हसल्यासारखं केलं, किंवा त्या तोंडाचं ते तसं दिसलं असेल.

"मानेसची बोटं मोडली… तेव्हाही?"

"हो," लाम्पोन म्हणाला. त्याच्या गालातून रक्त स्त्रातोनच्या मानेवर पडत होतं. "हो रे. हो."

"तुझ्या बापाला सोडलं," स्त्रातोन म्हणाला. "म्हाताऱ्याला माहीत नव्हतं." त्याने लाम्पोनचा झगा मुठीत धरला आणि त्याला आणखी जवळ ओढलं. "तुला नाही. तुला नाही सोडलं."

मूठ तशीच राहिली. ती सोडवायला लाम्पोनला बोटं एकेक करून उचलावी लागली.

तो उभा राहिला. अख्खा कुंभारवाडा अंगणात उभा होता. कोणाच्या दाढीतून अजून दारू ठिबकत होती. आर्खियासचं तोंड राखेसारखं झालं होतं. दोघांनी केफालोसला दंडाला धरून उभं केलं होतं, आणि म्हाताऱ्याच्या हातातलं ते खापर काढायची कोणाची हिंमत होत नव्हती.

"काय म्हणाला रे तो?" आर्खियासने विचारलं. "लाम्पोन, मरायच्या आधी काय म्हणाला? काही बोलला का?"

बापाचे डोळे लाम्पोनच्या तोंडावर होते. ऐकलेलं होतं फक्त त्यानेच, या खेपेलाही. अर्धं सांगितलं असतं तरी बापाचा जीव वाचत होता, आणि उरलेलं अर्धं स्त्रातोनबरोबर मातीत गेलं असतं. मिर्तोला कळलं नसतं. कोणालाच कळलं नसतं, आणि स्त्रातोनचं रक्त कोणी त्याच्याकडे मागितलं नसतं. गाल फाटलेला, प्रत्येक शब्दाला तोंडातून रक्त येत होतं, गप्प बसला असता तरी कोणी दोष दिला नसता.

"बाबांना सोडलं," लाम्पोन म्हणाला. "मला सोडलं नाही."

मग मागून फाटकाजवळून कोणीतरी विचारलं, काय म्हणतोय तो, कोणाला सोडलं? लाम्पोनने तोंडातलं रक्त थुंकलं आणि पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं, म्हणजे तिथपर्यंत ऐकू जावं.